बिनमटणाच्या रश्शाला जोर कुठून आणायचा?

तुमची पत्रं, मावशीची उत्तरं

यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि त्या आठवड्यापासून पत्रांचा रोखच बदलला. ईस्टर ५ एप्रिलला. तोवर बऱ्याच ख्रिस्ती घरांत मटण-कोंबडी बंद, कुठे फक्त शुक्रवारी, कुठे पूर्ण उपवासकाळ. नागपुरातल्या सदर, मोहननगर, जरीपटका, इतवारी भागांतून, कामठीहून, सगळीकडून पत्रं आली आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: मांसाशिवाय सूप पाणचट होतं, रस्सा पोकळ लागतो. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

मी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर बरीच वर्षं सांभाळलं. लेंटमध्ये पोरी प्रार्थनेहून भुकेल्या यायच्या. त्यांच्यापुढे भाजी उकळलेलं पाणी ठेवायचं आणि वर उपवास आहे म्हणून सांगायचं, हे मला कधी पटलं नाही. मांस सोडलं म्हणजे चव सोडली असं नाही. ती दुसरीकडून, जास्त कष्टानं आणावी लागते, इतकंच.

प्रश्न: मावशी, सलाम. लग्नानंतरचा माझा हा पहिला लेंट. गाजर, बीन्स, पत्ताकोबी, फुलकोबीचे दांडे असं सगळं कुकरमध्ये घालून पाच शिट्ट्या काढल्या आणि पाणी गाळून घेतलं. रंग पिवळट, वास उग्र, चव काहीच नाही. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण वाटी तशीच ठेवली. माझं कुठे चुकलं?
एक वाचक, मोहननगर

उत्तर: सलाम, बेटा. आधी कोबीचं सांगते. पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा, नवलकोल या एकाच कुळातल्या भाज्या. त्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. थोड्या शिजवल्या तर गोडसर लागतात, जास्त शिजल्या की तोच उग्र वास पाण्यात उतरतो. त्यात कुकरचं झाकण घट्ट, वासाला बाहेर जायला वाट नाही. स्टॉकमध्ये, म्हणजे सूपसाठी गाळून घेतो त्या पाण्यात, कोबी घालू नकोस आणि उघड्या गंजातच (पातेल्यात) शिजव.

आता दुसरं. पाया सूप ओठाला चिकटतं ना, ते हाडं आणि सांध्यांतल्या कोलॅजेनमुळे. मंद आचेवर तासन्‌तास शिजून त्याचं जिलेटिन होतं. भाजीत कोलॅजेन नाहीच, तेव्हा तिला तीन तास उकळून हाती काही लागत नाही. उलट पाऊण तासानंतर तिची ताजी चव उतरायला लागते. वेळ द्यायचा तो पाणी घालण्याच्या आधी, कांदा परतताना.

जाड बुडाच्या गंजात दोन मोठे चमचे फल्ली तेल (शेंगदाण्याचं) तापव. तीन मध्यम कांदे उभे चिरून त्यात टाक, आच मध्यम ठेव. पहिली पाचेक मिनिटं कांदा नुसता मऊ होतो, पाणी सोडतो. मग कडा सोनेरी होतात आणि घाई असलेला माणूस इथेच पाणी ओतून मोकळा होतो. तू ओतू नकोस. आच जरा कमी कर आणि आणखी आठ-दहा मिनिटं परतत राहा. कांदा आक्रसतो, गोड वास सुटतो, गंजाच्या बुडाला तांबूस थर धरायला लागतो. तो थर काळा झाला तर सगळं कडू होईल, म्हणून या टप्प्यावर गंजासमोरून हलायचं नाही, फोन वाजला तरी. थराला तांब्यासारखा रंग आला की अर्धी वाटी पाणी टाक आणि लाकडी उलथन्यानं ती खरवड सोडवून घे. पाणी लगेच तांबडं होईल. स्टॉकचा रंग आणि निम्मी चव त्या खरवडीत असते.

त्यावर दोन गाजरं, दोन टमाटर, लसणाचा एक अख्खा गड्डा आडवा कापून सालासकट, मूठभर सांबाराच्या काड्या (कोथिंबिरीच्या, नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी), आठ-दहा मिरे आणि दोन तेजपानं. गोकुळपेठ मार्केटमध्ये सेलरी मिळाली तर एक दांडा घाल, नाही मिळाली तरी अडत नाही. दोन लिटर गार पाणी ओत. उकळी आली की आच अगदी मंद कर, वर एखाददुसरा बुडबुडा येत राहील इतकीच. पंचेचाळीस मिनिटांनी गाळ. गाळताना भाज्या दाबून पिळू नकोस, स्टॉक गढूळ होतो. मीठ अजिबात घालू नकोस. पुढे हाच स्टॉक सूपमध्ये आटला तर आत्ता बेताचं वाटलेलं मीठ तेव्हा खारट लागतं. दीड लिटरच्या आसपास हाती येईल.

पुढच्या शुक्रवारी सूप करायच्या आधी यातलाच अर्धी वाटी स्टॉक गरम कर, चिमूटभर मीठ आणि ताजी मिरीपूड घाल आणि सासूबाईंना नुसता चाखायला दे.

प्रश्न: भाज्यांची सालं, देठं साठवून त्यांचा स्टॉक करतात असं ऐकलं. खरंच चालतं का?
एक वाचक, कामठी

उत्तर: चालतं, पण निवडून. गाजराची टोकं, टमाटराचे कापलेले भाग, मटाराच्या शेंगांची सालं, सांबाराच्या काड्या, कांद्याचं कोरडं बाहेरचं साल (रंगासाठी, एक-दोनच) हे सगळं घ्या. आलूची सालं नकोत, पाणी गढूळ आणि मातकट होतं. बीट नको, सगळंच लाल करून सोडतं. मेथी, कारलं आणि ढोबळी मिरचीचं बी कडू उतरतं. सालं चिरण्याआधी भाजी नीट धुतलेली हवी, नंतर धुऊन उपयोग नाही. आणि सडायला लागलेलं ते कचऱ्यात, स्टॉकमध्ये नाही. नुसत्या सालांवर विसंबू नका, बरोबर दोन अख्खे कांदे परतून घालाच.

प्रश्न: मावशी, आमच्याकडे रविवारी सावजी रस्सा ठरलेला. यंदा ह्यांनी स्वतःहून चाळीस दिवस मांस सोडलं आहे, रविवारीसुद्धा. पण जेवायला बसले की म्हणतात, मटण नसलं की तर्रीला जोर नाही. मसाला तोच, तेल तेच. मग कमी काय पडतं?
एक वाचक, इतवारी

उत्तर: आधी त्यांचं कौतुक, कारण चाळीसांत रविवार धरत नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार सोडले की ४०. त्यांनी रविवारचीही सूट घेतली नाही, तेव्हा रश्शावर मेहनत घेणं आपल्याकडे लागलं.

मसाला तिखटपणा देतो, वास देतो. पण रस्सा तोंडात भरल्यासारखा वाटतो तो मांसातून पाण्यात उतरणाऱ्या रसामुळे. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी म्हटलं. मांसात ग्लुटामेटच्या जोडीला इनोसिनेट असतं आणि ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणूनच मटणाचा रस्सा भारी लागतो. शाकाहारात इनोसिनेटच्या जागी ग्वानिलेट येऊ शकतं आणि ते वाळवलेल्या अळिंबीत (मश्रूममध्ये) असतं. शिताके जातीत सर्वांत जास्त, वाळलेल्या धिंगरीत कमी, पण तिनंही फरक पडतो. ग्लुटामेट तर आपल्या टमाटरातच आहे, आणि ते बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात जास्त असतं. बिया काढून टाकायची सवय असेल तर रश्शापुरती ती सोडा.

आता दाटपणा. तो आपल्याकडे कटातून येतो. पाऊण वाटी हरभऱ्याची डाळ सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवा आणि पाणी निथळून घ्या, तोच कट. होळी याच दिवसांत येते, शेजारीपाजारी पुरण शिजतंच. ज्यांच्याकडे पोळ्या जास्त आणि कटाची आमटी कमी लागते, त्यांच्याकडून कट मागून घ्यायला मला तरी कधी संकोच वाटला नाही. शिजलेली डाळ फोडणीला घालून वाटल्या डाळीसारखी करा, वाया जात नाही.

करायचं असं. सहा-सात वाळलेल्या अळिंब्या दोन वाट्या गार पाण्यात चार तास, किंवा रात्रभर फ्रिजमध्ये, भिजवा. पाणी फडक्यातून गाळून ठेवा, तळाला माती बसते. सावजी मसाला तुमच्या घरचा जसा असेल तसाच राहू द्या: सुकं खोबरं, कांदा, खसखस, दगडफूल, खडे मसाले, सगळं काळसर भाजून बारीक वाटलेलं. एक चमचा ज्वारीचं पीठ कोरडं भाजून त्यात मिसळा, त्यानं रस्सा मिळून येतो. वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परता. दोन टमाटर किसून घाला आणि ते पार आटून वाटणाचा रंग गडद होईपर्यंत थांबा, ही दहा मिनिटं वाचवू नका. मग अळिंबीचं पाणी, चिरलेल्या अळिंब्या, कट आणि जमलं तर वरच्या पत्रातला स्टॉक. वीस मिनिटं मंद उकळू द्या. झाकण अर्धवट ठेवा, तर्री वर येते.

यात बेसनाच्या पाटोड्या सोडा, किंवा उकडलेली अंडी, किंवा कोहळ्याचे (लाल भोपळ्याचे) मोठे तुकडे. पाटोड्या मात्र वाढायच्या वेळीच सोडा, आधी सोडल्या तर रस्सा पिऊन बसतात. सोयाबीनच्या वड्याही चालतील, पण त्यांना मटणाचा आकार आणि मटणाचं नाव देऊ नका. चाळीस दिवस मटणाची नक्कलच खायची तर सोडलं काय? पाटोडीचा रस्सा पाटोडीचा म्हणून चांगला करा. तो तसा करता आला की माणूस मटणाची आठवण काढत नाही.

प्रश्न: शुक्रवारी मटणाचा तुकडा न घेता नुसता रस्सा गाळून घेतला तर चालतो का? आणि बाजारात मिळणाऱ्या सूपच्या क्यूबचं काय?
एक वाचक, जरीपटका

उत्तर: मी धर्मगुरू नाही. शेवटचा शब्द तुमच्या फादरांचा. जे नक्की ठाऊक आहे ते सांगते. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात मांसाबरोबर मांसाचा रस्साही स्पष्ट शब्दांत वर्ज्य होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नियम नव्यानं घालून दिले, त्यात मांस वर्ज्य राहिलं. अंडी, दूध आणि प्राण्यांच्या चरबीचं फोडणीपुरतं तेल चालेल असं म्हटलं. रश्शाचा वेगळा उल्लेख त्यात उरला नाही. तेव्हा कागदावर बोट ठेवून वाद घालता येईल. माझं मन विचाराल तर मला तो पटत नाही. मटण आणायचं, शिजवायचं, घरभर वास दरवळू द्यायचा आणि तुकडे तेवढे बाजूला काढायचे, यात सोडल्याचं समाधान कुठे आहे?

मासा मात्र कॅथलिकांना चालतो, तिथे मनाला काही लागायचं कारण नाही. मंगळवारी नावाच्या बाजारातून मूठभर सुके झिंगे आणा, डोकी-शेपट्या काढा, तव्यावर कोरडे भाजा आणि चार वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळा. त्या पाण्यात चिंचेचा कोळ, लसूण आणि हिरवी मिरची. आंबट-तिखट सार होतं, भातावर फार सुरेख लागतं.

क्यूबचं म्हणाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. मांसाहारी खूण असलेला क्यूब कोंबडीच्या अर्काचा असू शकतो. हिरव्या ठिपक्याचा असेल तर मांस नाही. पण यादीत पहिलं नाव बहुधा मिठाचं असतं, म्हणजे तुम्ही मुख्यतः मीठच विकत घेता. आणीबाणीला एखादा ठीक, सवय नको.

प्रश्न: आमच्या वरच्या मजल्यावर केरळचं ऑर्थोडॉक्स कुटुंब राहतं. त्यांना उपवासात जेवायला बोलवायचं आहे. ते म्हणाले, दूध, तूप, अंडं, मासा काहीच चालणार नाही. सूपमध्ये बटर-क्रीम नसेल तर घट्टपणा कशाचा?
एक वाचक, सदर

उत्तर: बोलवा, जरूर बोलवा. मलंकारा, म्हणजे केरळच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, परंपरेत हा पन्नास दिवसांचा मोठा उपवास, वलिय नोंबु. प्राण्यापासून आलेलं काहीच खात नाहीत. गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चमध्ये कंजी आणि पयर वाढतात, म्हणजे तांदळाची पेज आणि मुगाची उसळ. त्यावरून तुमच्या लक्षात येईल की घट्टपणासाठी त्यांना क्रीम कधी लागलंच नाही, तांदूळ आणि कडधान्यं पुरतात.

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडे दुधाच्या पदार्थांवर हिरवाच ठिपका असतो. ठिपका पाहून पाकीट उचललं आणि त्यात दूध पावडर निघाली, असं त्यांच्याबाबतीत व्हायला नको. मश्रूम सूपच्या पाकिटांत ती हमखास असते. पावही विचारून आणा, काही बेकऱ्या दूध किंवा लोणी घालतात. तुमच्या तव्याला, पोळीच्या डब्याला तुपाचा हात लागलेला असेल तर तेही लक्षात ठेवा.

मी त्यांच्यासाठी मसूर आणि कोहळ्याचं सूप करेन. एक वाटी मसूर डाळ, पाव किलो कोहळं, एक कांदा, बोटभर आलं. कांदा तेलात तांबूस करून त्यावर बाकीचं परता, पाच-सहा वाट्या स्टॉक घाला आणि पंचवीस मिनिटं शिजू द्या. रवीनं घुसळा, मिक्सरमधून फार गुळगुळीत करू नका, थोडे दाणे दाताखाली आले पाहिजेत. आच मंद करून पाऊण वाटी नारळाचं दूध घाला. त्यानंतर खळखळ उकळी येऊ देऊ नका, दूध फाटतं. वरून तेलात मोहरी, कढीपत्ता आणि सुकी लाल मिरची. उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात एसावानं ज्येष्ठत्वाचा हक्क विकला तो मसुरीच्याच वाडग्यासाठी. शेतावरून थकून आलेल्या माणसाला शिजत्या मसुरीचा वास काय करतो, हे ज्यांनी ही डाळ आल्यात शिजवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मसूर नको असेल तर काजू भिजवून वाटा, किंवा मूठभर तांदूळ सूपमध्येच शिजवून घुसळा. मैदा-बटरची पांढरी सॉस या दिवसांत विसरा.

प्रश्न: मार्च लागला की नागपुरात गरम सूप नको वाटतं. शिवाय स्टॉक करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो. काय करावं?
एक वाचक, धरमपेठ

उत्तर: आंबतो कारण तो रात्रभर ओट्यावर राहतो. भाजीचा स्टॉक असो की कट, कोमट अवस्थेत जंतू सर्वांत वेगानं वाढतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, ओट्यावरचा गंज थंड होणार कधी? गाळल्यावर गंज गार पाण्याच्या टबात ठेवा, पाणी कोमट झालं की बदला, मधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात उतरतो. मग पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये. शिजवल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. तीन-चार दिवस राहतो, वापरताना खळखळून उकळा. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चालतो. जागा कमी असेल तर स्टॉक आटवून चौथाईवर आणा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन खडे एका वाटीला पुरतात. हे काम सकाळी उन्हाच्या आधी आटपा, दुपारी गॅसपुढे उभं राहणं कठीण होतं.

गरम नको असेल तर सार करा. कॉटन मार्केटमध्ये कैरी दिसायला लागली की दोन कैऱ्या उकडा, गर काढा. तीन वाट्या थंड स्टॉकमध्ये तीन मोठे चमचे गर, सुपारीएवढा गूळ, मीठ, भाजलेलं जिरं, मिरीपूड. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन गार होऊ द्या आणि पेल्यातून प्या. ज्यांना दही चालतं त्यांनी काकडी किसून ताकात घालावी आणि त्यात पाण्याऐवजी थंड स्टॉक घालावा. कांद्याच्या तांबड्या स्टॉकनं ताकाला खमंग चव येते, पण स्टॉक निम्म्यापेक्षा जास्त घालू नका, ताक दबतं.

प्रश्न: आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मधुमेह आहे, दात नाहीत. तरी सगळे उपवास धरायचं म्हणते. तिला काय द्यावं?
एक वाचक, इंदोरा

उत्तर: कॅथलिक चर्चच्या नियमानं एकदाच जेवण्याचा उपवास अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या माणसांसाठी आहे आणि आजाऱ्याला त्यातून सूट आहे. हे फादरांच्या किंवा पाळकसाहेबांच्या तोंडून आईंच्या कानावर पडू द्या, आपलं ऐकत नाहीत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळायचं नाही. मांस वर्ज्य करायला त्यांना कोणाची हरकत नाही.

त्यांच्यासाठी मुगाचं कळण करा. अर्धी वाटी हिरवे मूग भिजवून चार वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवा, घोटा, जाड गाळणीतून घासून काढा. नुसतं वरचं पाणी देऊ नका, मुगाचा गर त्यात उतरला पाहिजे, पोषण त्यात आहे. लसूण-जिऱ्याची फोडणी, थोडं लिंबू. रात्री जेवणाऐवजी नाही, जेवणाबरोबर.

प्रश्न: मावशी, जय ख्रिस्त! दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांची प्रार्थना) झाल्यावर आमचा तरुण संघ सगळ्यांना सूप आणि पाव देणार आहे. शंभर माणसं धरली आहेत. आमच्यापैकी कोणी इतका स्वयंपाक केलेला नाही. प्रमाण सांगा.
तरुण संघाची मुलं-मुली, नागपूर

उत्तर: जय ख्रिस्त, पोरांनो. माणशी २०० मिलिलिटर धरलं की वीस लिटर सूप लागतं. मसुरीचंच करा, भिजवायला लागत नाही आणि लवकर शिजतं. मसूर डाळ २ किलो, कोहळं २ किलो, कांदे २ किलो, टमाटर २ किलो, गाजर दीड किलो, लसूण पाव किलो, आलं दीडशे ग्रॅम, तेल पाव लिटर, हळद दोन मोठे चमचे. पाणी आधी चौदा लिटर, पुढे लागेल तसं, पण उकळतं. गार पाणी मध्येच ओतलं तर डाळ उगाच जास्त वेळ घेते. भांडं तीस लिटरचं तरी हवं, काठोकाठ भरलेलं ढवळता येत नाही.

कांदे एकदम टाकू नका. दोन किलो कांदा एका गंजात घातला की परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. वेगळ्या कढईत तीन-चार घाण्यांत तांबूस करा, प्रत्येक घाण्यानंतर कढईत पाणी घालून खरवड सोडवा आणि तीही मोठ्या भांड्यात ओता. टमाटर त्याच कढईत आटवा. बाकी सगळं मोठ्या भांड्यात एकत्र शिजू द्या, साधारण पाऊण तास. डाळ फुटून दाट व्हायला लागली की एक जण भांड्यापाशी कायमचा बसवा. मसूर तळाला धरते, आणि एकदा धरली की वास सगळ्या वीस लिटरला लागतो. लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडत ढवळायचं, वरवर नाही. जरासं धरल्यासारखं वाटलं तर ढवळू नका, वरचं सूप लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

मीठ आधी १२० ग्रॅम घाला, शेवटी चाखून दीडशेपर्यंत न्या. दहा लिंबांचा रस आच बंद केल्यावर. तिखट वेगळं ठेवा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात.

एका माणसानं वाढायच्या आधी पेल्यानं मोजून पाहावं की पळीत किती मावतं आणि तेवढ्याच पळ्या सगळ्यांना द्याव्यात. पहिल्या वीस जणांना वाडगे भरभरून दिले की शेवटच्या दहांना उरत नाही. पाव दोनशे नाही, अडीचशे सांगा. चौदा स्थानं चालून आलेली पोरं दोन पावांवर थांबत नाहीत.